भाजलेल्या तुसाची वळकटी

आये, तुझ्या त्या विहिरीच्या काठावर बसून लिहितेय. वही मांडीवर घेतलीय आणि पेन बँकेत फुकट मिळालेलं, ते मधेच दगा देतंय. अक्षराला हसू नकोस. तुला वाचता येत नव्हतं, पण मी वही उघडली की तू शेजारी बसून अक्षरांकडे अशी बघायचीस की निवडलेल्या तांदळात खडा राहिला का ते पाहतेयस. दुपारचे दोन वाजलेत. वाडी सगळी आडवी झालीय. घरोघर नळ आल्यापासून इकडे कुणी फिरकत नाही, दोराने झिजलेल्या दगडाच्या खाचांतून गवत उगवलंय आणि आतल्या भिंतीतून उंबराचं रोप वर आलंय. पाणी मात्र आहे. त्यात आभाळ आहे, भीमाशंकराकडून आलेला एक ढग आहे, आणि वाकून बघितलं तर मी आहे. चष्मा लावलेली, केस पिकलेली, तुझ्याहून वयाने मोठी. तू गेलीस तेव्हा तू आजच्या माझ्यापेक्षा लहान होतीस असं आता म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना मला गरगरल्यासारखं होतं.

खरं सांगायचं तर मला एक गोष्ट आबांना सांगायचीय. बापूचे थोरले भाऊ, तुझे मोठे दीर, अजून खुटखुटीत आहेत. इथून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर पडवीत पडलेत, तोंडावर टॉवेल घेऊन. त्यांना सांगायची हिंमत होत नाही म्हणून तुला लिहितेय. म्हणजे बघ काय शहाणपण! तुला तर ती गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आधी मला तुझं स्वयंपाकघर दिसतं. गिरणीवरून भात सडून आणलं की तुसाचं एक पोतं वेगळं यायचं. अर्धं जळणाला जायचं, आणि उरलेलं तू फुटक्या लोखंडी तव्यावर भाजत बसायचीस, काळं होईस्तोवर, पण राख होऊ न देता. घरभर धूर, तुझे डोळे लाल, आणि मी उंबऱ्यात बसून पाठांतर करतेय. त्या काळ्या तुसाची राखुंडी व्हायची, सगळं घर त्याने दात घासायचं. एकदा रॉकेलची चिमणी पाण्याच्या घमेल्यात कलंडली. तू ते पाणी ओतून दिलं नाहीस. मूठभर भाजलेलं तूस वर टाकलंस, जरा थांबलीस, आणि झाऱ्याने उचलून घेतलंस. खाली पाणी चक्क स्वच्छ. हुंगून बघितलंस, मलाही हुंगायला लावलंस. "कच्चं तूस पाणी पितं, भाजल्यालं त्याल पितं," असं म्हणालीस आणि भाकरी थापायला बसलीस. मला ते तेव्हा लिहून ठेवावंसंसुद्धा वाटलं नाही. पुस्तकात नव्हतं ना.

त्याच्यावरूनच तू ती वळकटी केलीस. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आबांचं डिझेल इंजिन दोरखंडांनी विहिरीतल्या टप्प्यावर, पाण्यालगतच्या दगडी कट्ट्यावर, उतरवायचे, नाहीतर ते पाणी ओढायचं नाही. वाडीची प्यायची विहीर तीच, आणि आबांचे कांद्याचे चार वाफे भिजायचे तेही तिच्यावरच. इंजिन ठिबकायचं. हंड्यात वास यायचा, बाया नाक मुरडायच्या, आबा म्हणायचे की मशीन म्हटलं की सांडणारच. तू कामाला लागलीस. जुन्या लुगड्यात भाजलेलं तूस भरलंस, गोधडीच्या सुईने शिवलंस, मांडीएवढी जाड आणि दोन पुरुष लांब वळकटी केलीस, आणि तिच्या दोन्ही टोकांना दोर बांधलेस. एक दोर तू धरायचीस, दुसरा मी. पाण्यावर तरंगत तरंगत तिला एका कोपऱ्याकडे न्यायची, तवंग पुढे ढकलत, आणि मग उचलून डबड्यात पिळायची. मला त्याचा भारी कंटाळा यायचा. काम झालं की ती टप्प्याजवळच्या खुंटीला टांगलेली असायची, काळी, ओघळणारी. मी घोडेगावला मावशीकडे राहून सायन्सची बारावी दिलेली, मला तिची लाज वाटायची.

तो मे महिना आठवतो? आठवत असणारच, माझंही काय विचारणं. आबांनी मला इंजिनाची टाकी भरायला पाठवलं होतं. भर दुपार, ऊन सरळ तळापर्यंत उतरलेलं, भिंतीवर पाण्याचे कवडसे हलतायत, आणि मी पायऱ्या उतरून टप्प्यावर बसलेय, कॅन मांडीशी, नरसाळं हातात. खाली इतकं गार होतं की वरचं जग कुणाचं तरी दुसऱ्याचं वाटत होतं. पारव्यांचं घुमणं चाललेलं. मी मंचरच्या कॉलेजचा विचार करत होते. तिथल्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या असतील, आपल्याला पांढरा कोट मिळेल, असलं काहीबाही. हात कधी ढिला झाला ते कळलंच नाही. कॅन कलंडून तोंडावर पाण्यात पडला आणि गडगड करत रिकामा झाला. आणि आये, मी घाबरायच्या आधी बघतच राहिले. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. निळा, जांभळा, पिवळा, हिरवा, रंगावर रंग उलगडत जात होते, ऊन त्यांच्यावर चढत होतं, आणि मोराचं पीस पसरत पसरत सगळी विहीर झाकून टाकतंय असं दिसत होतं. मला ते फार सुंदर वाटलं. वाडीची प्यायची विहीर नासत होती आणि मला ते सुंदर वाटत होतं.

मग भानावर आले. समोर खुंटीला तुझी वळकटी टांगलेली होती. हात लांब केला असता तरी पुरे होतं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा, आणि मनात म्हणाले, हे तुसाचं गाठोडं काय करणार! आपण केमिस्ट्री शिकलोय. पळत घरी गेले, धुण्याच्या पावडरीचा नवा पुडा उचलला, सगळाच्या सगळा पाण्यात ओतला आणि बांबूने ढवळ ढवळ ढवळलं. तवंग फुटला, विरला, गेला! रंग नाहीत, चकाकी नाही, नुसता पांढरा फेस. मला असला आनंद झाला म्हणून सांगू. कॅन बाहेर काढून हातात धरून उभी होते, तेवढ्यात तू दोन हंडे घेऊन आलीस.

तू आधी वास घेतलास. मग पायऱ्या उतरलीस, ओंजळभर पाणी उचललंस, ते ताकासारखं पांढुरकं. "काय टाकलंस गं ह्यात?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, साबणाच्या कणाला दोन टोकं असतात, एक तेलाला धरतं, एक पाण्याला धरतं, म्हणून तेल पाण्यात मिसळून जातं. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

"दिसंना झालं म्हंजी गेलं व्हय?" तू म्हणालीस. "वर व्हतं तवर धरता आलं असतं. आता ह्या एवढ्या पाण्यात त्येला कुठं शोधू?"

आजवर मला खूप लोक बोलले, साहेब बोलले, पण त्या एका वाक्याएवढं मला काही लागलं नाही. वर काठावर पावलं वाजली. तू माझ्या हातातला कॅन काढून घेतलास. "मागल्या अंगानं घरी जा. कापडं बदल, वास येतोय." बस. एवढंच ठरवायला तुला किती वेळ लागला? श्वास घेण्याएवढाही नाही.

मी कपडे बदलून आले तोवर वाडी जमली होती. तू काठावर उभी, पदर खोचलेला, कॅन पायाशी.

"कुणी केलं ह्ये?" आबा.

"म्या. टाकी भराया उतारले, क्यान निसाटला."

"टाकी भराया तर पोरीला धाडलं व्हतं म्या."

"तिला म्याच माघारी लावली. म्हनलं, मी करते."

"आन् ह्यो फेस कशाचा?"

"पावडर टाकली. मला वाटलं, त्याल निघंल."

शेजारची काकू कडाडली, "अगं येडे, हीर हाय का परात? पावडर टाकतीस!" कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. "अडाणी ते अडाणीच," असं म्हणून त्यांनी मान फिरवली. आणि मी तिथंच, चार पावलांवर, धुतलेला परकर-पोलका घालून उभी होते. मी एक शब्द बोलले नाही.

मला कळत होतं तू का केलंस ते. त्याच आठवड्यात आबांनी बापूला सुनावलं होतं, "पोरीला मंचरला ठिवून काय कलेक्टर करायचीय? औंदा उरकून टाका." बापू मंचरच्या मार्केटला कांद्याच्या गोण्या उचलायचा, आठवड्याने घरी यायचा, आणि भाऊ म्हणेल तसं म्हणायचा. कॉलेजचा फॉर्म अजून भरायचा होता. शिकलेल्या पोरीने विहीर नासवली एवढं कळायची खोटी, फॉर्म चुलीत गेला असता. म्हणून तू अडाणी झालीस. आणि जिला तेलाचं आणि पाण्याचं सगळं ठाऊक होतं, तीच.

विहीर उपसली. दिवसच्या दिवस इंजिन चालवून सगळं पाणी कातळावर सोडून दिलं, चुन्याने भिंती घासल्या आणि झरे भरायची वाट बघत बसलो. तोवर बाया धरणाच्या फुगवट्यावरून पाणी आणत होत्या, तुला शिव्या घालत. तुला दंड काय, तर विहीर भरेस्तोवर वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या घरी रोज आपल्या डोक्यावरून पाणी पोचवायचं. मी हंड्याला हात घातला तर तू तो झटकलास. "तू उचाललास तर समद्यास्नी कळंल. जा, वही उघडून बस." मी वही उघडून बसले. तुझ्या टाचा फुटून रक्त यायचं, संध्याकाळी तू त्यात कोकमाचं तेल भरायचीस, आणि माझ्याकडे बघून विचारायचीस, "किती पानं झाली?"

आणि नाव पडलं ते पडलंच. पावडरवाली. लग्नात, बारशाला, कुठेही गेलीस की कुणीतरी म्हणणारच, "पावडरवाली आली, पिंपाजवळ जाऊ देऊ नका गं!" तूही त्यांच्याबरोबर हसायचीस. मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसलेली असायचे आणि जिलबी खायचे.

फॉर्म भरला गेला. मंचर झालं, पुढे पुणं झालं, आणि मी मुंबईच्या बंदरात सांडलेलं तेल साफ करणाऱ्या कंपनीत लागले. तुला ते किती गमतीचं वाटलं होतं! "त्याच कामाला पगार देत्यात व्हय?" तू एकदाच आलीस तिकडे, नाचणीच्या पिठाची पिशवी आणि राखुंडीचा डबा घेऊन. धक्क्यावर उभी राहिलीस, एवढं पाणी बघितलंस आणि म्हणालीस, "आन् ह्यातलं घोटभर पिता यायचं न्हाई? काय उपेग!" जहाजाच्या कडेला पाण्यावर तेच रंग पसरलेले होते. तू वाकून बघितलंस. "हितं कुणाचा क्यान निसाटला?" आणि तोंडाला पदर लावून अशी हसत सुटलीस की पहारेकरी बघायला लागला. इतक्या वर्षांत त्या दिवसाचा विषय तू पहिल्यांदा काढला होतास. मी म्हणाले, आये, मी आबांना सांगून टाकते. तू डोळे पुसलेस. "सांगशील तवा सांग. मला काय घाई न्हाई." त्याच हिवाळ्यात तुझ्या छातीत कफ झाला आणि तू गेलीस. घाई मलाही नव्हती, असंच म्हणावं लागेल.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या बंदरात एक जहाज इंधन भरत असताना पाइप फुटला. डिझेल नव्हे, डांबरासारखं जाड काळं तेल. तोवर आमच्याकडे नवी यंत्रं आली होती आणि मला त्यांचा फार अभिमान होता. नारिंगी फुगवलेल्या नळ्यांची माळ, तिला बूम म्हणतात, ती बोटीने ओढून तेलाला वेढा घालायची. वेढ्यात स्किमर सोडायचा. त्याच्या चकत्या फिरत राहतात, तेल त्यांना चिकटतं, पाणी चिकटत नाही, आणि पातेल्याच्या कडेची साय खरवडावी तसं एक पट्टी ते खरवडून टाकीत टाकते. उघड्या पाण्यातलं तेल त्याने सुरेख उचललं. सकाळचं धुकं होतं, त्या धुक्यात नारिंगी माळा हळूहळू डुलत होत्या, चकत्या फिरत होत्या, आणि मला वाटत होतं की आपण विहिरीच्या टप्प्यावर बसलोय, कुणीतरी विहीर ओढून ओढून एवढी मोठी केलीय.

पण धक्क्याच्या खाली, खांबांच्या दाटीत, स्किमर जाईना. तिथं तेल कोंडून बसलेलं. बाहेरून मागवलेले तेल शोषून घेणारे कापडी पट्टे संपले, नवे यायला अवकाश. दुसऱ्या दिवशी वरचे लोक पाहणीला येणार. साहेब म्हणाले, "मॅडम, फवारा मारा. दहा मिनिटांत साफ दिसेल." आमच्याकडे तसलं औषध असतं. खोल समुद्रात त्याचा उपयोगही आहे. तेलाचे बारीक बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळून टाकायचं. साबणच तो, दुसरं काय, दोन टोकांचा. पण कोंडलेल्या उथळ पाण्यात ते खाली गाळात बसतं, कोळ्यांच्या जाळ्यात जातं. सगळे माझ्याकडे बघत होते, पंप भरून तयार होता. मी म्हणाले, "साहेब, दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं नाही. वर आहे तोवर धरू या." तोंडातून निघालं आणि माझ्या अंगावर काटा आला. साहेब चिडले. "कशाने धरणार? हाताने?"

कर्जतच्या भातगिरणीतून तुसाचा ट्रक मागवला, आये. धक्क्यावर पिंपं उभी कापून त्यात ते भाजलं, काळं होईस्तोवर, राख होऊ न देता. मीच उभी राहिले, माणसांचा अंदाज चुकत होता. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणींकडून सुती साड्यांची गाठोडी आणली. बंदरातले हमाल मांडी घालून शिवायला बसले, एकमेकांची चेष्टा करत. छोट्या होडीतून खांबांच्या मधून आम्ही वळकट्या सोडल्या, एक दोर मी धरला, एक होडीवाल्याने. ओढल्या, उचलल्या, पिळल्या, पुन्हा सोडल्या. पाहणीचे लोक आले तेव्हा काम अर्धंच झालं होतं आणि साहेबांचा चेहरा पडला होता. पण त्यांच्यातला एक म्हातारा इंजिनियर धक्क्यावर पालथा पडून खाली बघत राहिला, बराच वेळ. उठला, हाताचं तूस झटकलं आणि मला विचारलं, "बाई, हे कुठं शिकलात?"

मी म्हणाले, "कॉलेजात."

मला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही. श्वास घेण्याएवढाही नाही.

ती वळकटी आता आमच्या कंपनीच्या पुस्तकात छापली आहे, चित्रासकट. दोर कुठं बांधायचा, तूस किती भाजायचं, सगळं. खाली माझं नाव आहे. एक मानपत्र मिळालं, ते दिवाणखान्यात लावलंय. नवीन मुलं शिकायला येतात, विचारतात, "मॅडम, साडीच का?" मी सांगते, स्वस्त पडते.

आज सकाळी इथं आले तर आबांनी मला शेजारी बसवून घेतलं. पडवीत दोन-चार मंडळी होती, कुणाचे पाव्हणे. आबांनी माझं कौतुक सुरू केलं, आवाज अजून खणखणीत आहे. "ही आमची पुतणी. एवढ्या समुद्रातलं त्याल काढती, पेपरात आलं व्हतं. आन् हिची आई, पावडरवाली! हिरीत पावडर टाकली व्हती तिनं, राव!" सगळे हसले. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "नशीब, पोरगी आईवर न्हाई गेली."

आणि मी हसले, आये. कपबशी हातात होती, चहा बशीत ओतला आणि हसले.

म्हणून इथं येऊन बसलेय. सांगायचं अगदी सोपं आहे. आबा, कॅन माझ्या हातातून पडला, पावडर मी टाकली, आणि पेपरात आलं ते तिचं होतं. तीन वाक्यं. आबा अजून आहेत, डोकं शाबूत आहे. आज आहेत तोवर सांगता येईल, नंतर त्यांना मी कुठं शोधू? चार वाजता ते चहाला उठतात. तेवढा वेळ बसून मन घट्ट करायचं, म्हणून वही काढली आणि तुला लिहीत सुटले.

पण तुझ्यापाशी काय लपवायचं? मंचरची एसटी साडेतीनला आहे. सकाळी उतरतानाच मी कंडक्टरला विचारून ठेवलंय.